पुढे अठरा, मागे अठ्ठावीस

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की नदीनाक्याजवळ शेलार लागतं. रस्त्याच्या आजूबाजूला माग, सायझिंग, डाइंग आणि गोदामं. रस्त्यावर कंटेनर आणि टेम्पो, आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. कुणाच्या मागच्या सीटवर ग्रे कापडाचे तागे बांधलेले, कुणाच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, कुणी बायकोपोरांना घेऊन वज्रेश्वरीला निघालेला. यांच्या टायरमध्ये हवा किती असावी, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी ठरलेला एकच आकडा मिळतो. बुलेट असो, स्प्लेंडर असो की अ‍ॅक्टिव्हा. मला हे खटकतं, कारण दुचाकी रस्त्याला धरून ठेवते ती तळहाताएवढ्या दोन जागांवर, आणि त्या जागा केवढ्या असाव्यात हे आतली हवा ठरवते.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी कल्पनेनं उभी केली आहेत. त्यांचा वाद मात्र या पट्ट्यात कुठल्याही गॅरेजपाशी ऐकू येईल. मामाकडे १९८० च्या दशकातली बुलेट आहे, तिचं मूळ पुस्तक त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. भाची एका गोदामात माल पाठवण्याचं काम बघते. तिची स्वतःची गाडी नवी, ट्यूबलेस टायरची, आणि हाताखालची पोरं स्प्लेंडरवर माल पोचवतात.

“मामा, तुझं पुढचं चाक बसलंय.”

“बसलेलं नाही गं, तसंच असतं ते. बुलेटला पुढे अठरा, मागे अठ्ठावीस. पुस्तकात लिहिलंय. मी गेली कित्येक वर्षं त्याच्या बाहेर गेलो नाही.”

“अठरा? माझ्या गाडीला पुढेच तीसच्या घरात लागते. एवढ्या कमी हवेत ती वळते तरी कशी?”

“छान वळते. तुझी गाडी वेगळी, माझी वेगळी. हिचं वजन मागे, मी बसतो मागे, पुढच्या चाकावर येतं किती? पुढे ड्रम ब्रेक, तोही जुना. तुझा डिस्क दाबला की सगळी गाडी पुढच्या चाकावर ओणवी होते, माझी नाही होत. त्यात हा टायर बघ, सव्वातीन इंची, एकोणीसचा, रेघांचा. याला अठराच मानवते. पंचवीस भरलीस तर खडीवर नुसती उडत राहील.”

मामाचं हे म्हणणं खरं आहे, आणि नव्या गाड्या चालवणाऱ्यांनी ते नीट समजून घ्यावं. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली तेव्हा जी बुलेट आली, तिचा आराखडा इंग्लंडचा आणि काळ साठ-सत्तरच्या वेगाचा. निमुळता टायर, आत ट्यूब, तारांचं चाक, पुढच्या चाकावर भार थोडा. पुढे थोडी मऊ हवा ठेवली की टायरचा तळ रस्त्यावर नीट टेकायचा आणि साध्या काट्यांना मदत व्हायची. नव्या गाडीत रचनाच पालटली. इंजिन पुढे सरकलं, ब्रेक जोरकस झाले, टायर रुंद झाले आणि ट्यूब गेली. ट्यूबलेस टायरची कड रिमला घट्ट बसून राहते ती आतल्या दाबामुळेच. दाब फार उतरला आणि चाक खड्ड्यात आडवं आपटलं की कडेनं हवा सुटू शकते. म्हणून नव्या गाडीच्या पुस्तकात पुढचा आकडा मोठा असतो. जुन्याला अठरा म्हणजे मागासलेपण नाही आणि नव्याला तीस म्हणजे थाट नाही.

भाचीनं मात्र वाद तिथे सोडला नाही. तिच्या पाठपिशवीत पेनाएवढा हवेचा मीटर असतो. व्हॉल्व्हची रचना १८९० च्या दशकातल्या श्रेडरची, ती आजवर तशीच चालत आलेली. त्यामुळे नव्या गाडीचा मीटर चाळीस वर्षांच्या बुलेटलाही बसतो. तिनं टोपण काढलं, मीटर दाबला.

“तेरा.”

“शक्य नाही. मागच्या पंधरवड्यातच भरली. मीटरनं अठरा दाखवले होते.”

“कुठल्या मीटरनं? त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या? तो दिवसातून किती वेळा जमिनीवर आपटतो? बरं, मीटर राहू दे. हा व्हॉल्व्ह बघ. रिमच्या भोकातून सरळ बाहेर यायला हवा की नाही?”

मामा वाकून बघतो. व्हॉल्व्ह एका अंगाला कलला आहे. रिमच्या भोकाच्या कडेला ट्यूबचं रबर ताणलेलं दिसतं.

ही खूण प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं ओळखायला शिकावी. ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर थोडा थोडा सरकतो. त्याच्यासोबत ट्यूब सरकते, पण व्हॉल्व्ह तर रिमच्या भोकात अडकलेला. मग तो कलतो, आणि एक दिवस मुळापासून फाटतो. ते पंक्चर हळूहळू उतरत नाही, सगळी हवा एका क्षणात जाते, आणि पुढच्या चाकाची गेली तर हँडल हातात राहत नाही. व्हॉल्व्ह कललेला दिसला की टायर सोडवून ट्यूब सरळ बसवावी. नुसती हवा भरून तो सरळ होत नाही.

“म्हणजे आकडा तुझा बरोबर होता मामा, हवा नव्हती. तू अठरा-अठरा म्हणून भांडतोस आणि चालवतोस तेरावर.”

“अंगठ्यानं दाबून बघतो की मी रोज.”

“अंगठ्याला काय कळतं? टायरचं रबर जाड, कड कडक. अठरा आणि तेरा अंगठ्याला सारखेच लागतात.”

इथे मामा गप्प बसला असता तर हा लेख इथेच संपवता आला असता: नव्या पिढीचा मीटर बरोबर, जुन्या पिढीचा अंगठा चूक. पण भाचीच्या बाजूलाही खोट होती, आणि ती मामानंच दाखवली. गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या दोन स्प्लेंडर त्यानं हातानं चाचपल्या.

“ही बघ. मागचा टायर मधोमध गोटा झालाय आणि दोन्ही कडांची नक्षी जशीच्या तशी. सांग कशानं?”

“हवा जास्त. हा पोरगा चाळीस भरतो कायम, पंक्चर कमी होतं म्हणे. आणि एकटाच फिरतो, कागदपत्रं पोचवायला.”

“आणि ही दुसरी? हिच्यावर तागे जातात. हिची हवा मोज.”

अठ्ठावीस.

“गाडीवरच्या पट्टीवर अठ्ठावीसच लिहिलंय,” भाची म्हणाली. “कंपनीनं तपासून दिलेला आकडा आहे. मी पोरांना सांगून ठेवलंय, पट्टीच्या बाहेर जायचं नाही.”

“पट्टीवर दोन ओळी असतात गं. तू पहिलीच वाचलीस.”

गाडीवर चिकटवलेली ही पट्टी साखळीच्या कव्हरवर किंवा सीटखाली असते आणि चिखलानं माखलेली असते, त्यामुळे कुणी वाचत नाही. तिच्यात चालक एकटा असताना आणि मागे दुसरा माणूस असताना, असे वेगळे आकडे दिलेले असतात. स्प्लेंडरला पुढे २५. मागे एकट्याला २८ आणि दोघांना ४०. अ‍ॅक्टिव्हाला पुढे २२. मागे एकट्याला २९, दोघांना ३६. पुढचा आकडा दोन्ही ओळींत तोच राहतो. मागचा मात्र स्प्लेंडरला बारा पाउंडांनी चढतो, तेही फक्त एक माणूस वाढला म्हणून. रोज जोडीनं जाणारे किती जण अठ्ठावीसवर जातात आणि रोज एकटे जाणारे किती जण चाळीसवर, हे टायरच्या झिजेवरून कुणालाही वाचता येईल.

“मागे बसणाऱ्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं,” मामा म्हणाला. “म्हणून पुढे हात लावलेला नाही. ताग्यांचंही तेच. चार तागे बांधले, साठ किलो, म्हणजे मागे एक माणूसच बसवला. तुझा पोरगा एकटा दिसतो, पण टायरच्या हिशेबात तो एकटा नाही.”

हिशेब करायचा तर सोपा आहे, आणि तो कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. आपल्याकडच्या पुस्तकांत दाब किलो दर चौरस सेंटिमीटरमध्येही दिलेला असतो. पंक्चरवाल्याचे (दर चौरस इंचाला) २८ पाउंड म्हणजे साधारण २ किलो, ४० म्हणजे २.८ किलो. स्प्लेंडरवर एक हलका पोरगा बसला की मागच्या चाकावर शंभरेक किलो येतात. शंभर भागिले दोन, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकलेला भाग सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. साठ किलोचे तागे चढवले की १६० भागिले दोन, ८०. टायर तेवढा दबल्याशिवाय एवढी जागा टेकणार नाही. तो दबतो, त्याच्या कडा प्रत्येक फेऱ्यात वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात, आणि त्या वाकण्यानं तापतात. आता तेच १६० किलो २.८ वर ठेवा. जागा निघते ५७. म्हणजे वजन वाढूनही टायर जवळपास पहिल्याइतकाच दबलेला. टायरचं रबर आणि आतले दोऱ्यांचे थर स्वतःही थोडा भार पेलतात, त्यामुळे हे आकडे अचूक नाहीत, पण दिशा हीच. पट्टीवरच्या २८ आणि ४० मागे हे गणित आहे.

“मग मी काय वेगळं म्हणत होते? पट्टी पाळा, एवढंच. दुसरी ओळसुद्धा पट्टीचीच.”

“पट्टी दोनच माणसं ओळखते. पन्नास किलोचा पोरगा आणि नव्वद किलोचा ड्रायव्हर तिला सारखेच. माझ्या काळच्या इंग्लिश गाड्यांची पुस्तकं माणसाला वजन विचारायची.”

हे मामा वाढवून सांगत नव्हता. बीएसए आणि ट्रायम्फच्या जुन्या पुस्तकांत हवेचा आकडा १४० पाउंडांच्या, म्हणजे साडेत्रेसष्ट किलोच्या, चालकासाठी दिलेला असे. त्यापुढे नियम: चालकाचं वजन जास्त असेल तर दर २८ पाउंडांना पुढच्या टायरमध्ये एक पाउंड हवा वाढवा, आणि दर १४ पाउंडांना मागच्या टायरमध्ये एक. किलोत सांगायचं तर पुढे पावणेतेरा किलोंना एक, मागे सव्वासहा किलोंना एक. मागे कुणी बसणार असेल किंवा सामान असेल तर अंदाज चालत नसे. प्रत्येक चाकावर प्रत्यक्ष किती भार येतो तो पाहा आणि टायर कंपनीच्या तक्त्यात दाब शोधा, अशी सूचना असे. मला हा नियम आजच्या कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त शहाणा वाटतो. त्यात जुन्याचं कौतुक नाही; चालवणारा माणूस विचार करू शकतो, असा विश्वास त्यात आहे, आणि आज गाडी विकताना तो विश्वास कुणी ठेवत नाही.

भाचीला हे पटलं ते वेगळ्या कारणानं. तिच्या गोदामात माल मोजायचा प्लॅटफॉर्म काटा होता.

“चल, घाल गाडी.”

काट्याच्या उंचीची एक फळी मागच्या चाकाखाली ठेवली, म्हणजे गाडी समपातळीत राहील. पुढचं चाक काट्यावर, मामा सीटवर, पाय वर. एकशे पाच. मग उलट, फळी पुढे आणि मागचं चाक काट्यावर. एकशे पंचेचाळीस. मामाचं वजन ऐंशी. त्या जुन्या नियमानं पाहिलं तर साडेसोळा किलो जादा. पुढे सव्वा पाउंड, मागे अडीचच्या वर. म्हणजे अठराऐवजी एकोणीस-वीस आणि अठ्ठावीसऐवजी तीस-एकतीस.

“म्हणजे तुझ्याच पुस्तकाच्या चालीनं तुझा आकडा चुकला.”

“चुकला नाही. पुस्तकातला माणूस बारीक होता.”

टायरच्या अंगावर आणखी एक आकडा असतो. मामाच्या टायरवर 'सव्वातीन-एकोणीस'च्या पुढे ५४ आणि पी अशी अक्षरं होती. स्प्लेंडरच्या मागच्या टायरवरही तेच, ५४ आणि पी. ५४ हा भाराचा क्रमांक आहे, किलो नव्हे. त्याचा अर्थ २१२ किलोंपर्यंत. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. हा भार टायर पेलतो तो कडेवर लिहिलेल्या कमाल दाबाला. अनेक जण तो कमाल आकडाच 'कंपनीची हवा' समजून भरतात, तसं करू नये. उलट कमी हवेत तेवढा भार चढवला तर टायर तो पेलणार नाही, मग रबर कितीही नवं असो. बुलेटला भारदस्त दिसावी म्हणून मागे जाडजूड टायर चढवायची हौस आपल्याकडे मोठी आहे. जुन्या अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत खेचल्या जातात, तळाचा आकार बदलतो, आणि त्या क्षणापासून पुस्तकातला अठ्ठावीस त्या गाडीचा राहत नाही. टायर बदलला असेल तर टायर कंपनीचा तक्ता बघावा लागतो.

मामा-भाचीचं खरं भांडण पुढे झालं, पावसावरून.

“पावसाळ्यात मी दोन्हीकडे तीन-चार कमी करतो,” मामा म्हणाला. “टायर पसरतो, पकड येते. आणि या रस्त्याचे खड्डे मऊ चाकाला कमी लागतात.”

“दोन्ही चूक. पकड तुला शेताच्या चिखलात मिळत असेल, बांधावरून गाडी नेताना. डांबरावर पाणी साचलंय तिथे कमी हवेचा टायर लवकर पाण्यावर तरंगतो.”

“कोण म्हणतं?”

“नासा. विमानाच्या टायरवर प्रयोग केले होते त्यांनी, १९६३ मध्ये अहवाल छापला. टायर पाण्यावर किती वेगाला तरंगेल ते आतल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. अठ्ठावीस पाउंडांना जवळपास अठ्ठ्याऐंशी किलोमीटरचा वेग निघतो, अठराला सत्तर.”

“माझं काय विमान आहे?”

“नाही. मोटारसायकलचा टायर गोल आणि अरुंद असतो, तो पाणी चिरतो, त्यामुळे तुला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. पण हवा काढून तू जातोस चुकीच्या बाजूला, एवढं तर लागू आहे.”

खड्ड्यांचं उत्तर तिनं तोंडानं दिलं नाही. पंक्चरच्या दुकानातून एक फेकलेली ट्यूब आणून दाखवली. तिच्यावर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या, एकमेकींना समांतर. खिळ्याचं भोक एक असतं. दोन चिरा पडतात तेव्हा खड्ड्याच्या धारेवर टायर पूर्ण दबलेला असतो आणि ट्यूब रिमच्या दोन कडा आणि रस्ता यांच्यात चेपलेली असते. मऊ हवा हाताला धक्का कमी देते हे मामाचं म्हणणं खरंच आहे. तो धक्का मग रिम घेते. बुलेटची तारांची रिम आरे ताणून सरळ करता येते, नव्या गाडीच्या अलॉयला तडा गेला तर चाकच बदलावं लागतं. कंटेनरनं उखडलेल्या, पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली वरून दिसत नाही. त्यामुळे पावसात हवा उतरवायच्या मी स्वतः ठाम विरोधात आहे, आणि इथे भाचीच्या बाजूनं उभा राहतो.

मामाला हे निम्मंच पटलं. पावसात हवा कमी करायची नाही, इथवर तो आला. भाची म्हणत होती तसे दोन पाउंड वाढवायला मात्र तयार होईना. पुढचं चाक टणक झालं तर ओल्या सिमेंटच्या पट्ट्यावर सरकेल, अशी त्याची धास्ती. ती धास्तीही अनाठायी नाही, कारण वाजवीपेक्षा जास्त हवेनं टेकणारी जागा खरोखरच आक्रसते. वजन करून काढलेला आकडा पाळायचा, ना उणा ना अधिक, यावर त्यांनी पावसाळ्यापुरता तह केला.

राहता राहिली उन्हाची बाब. ती मी थोडक्यात उरकतो, पण तीत होणारी चूक सगळ्यात सर्रास आहे. हवा मोजायची ती गाडी निदान तीन तास उभी असताना, म्हणजे सकाळी. मे महिन्यात कुणी वाड्याहून भर दुपारी येतो, पंपावर मीटर लावतो, अठ्ठावीसच्या जागी एकतीस दिसतात, आणि पोरगा भराभर तीन पाउंड सोडून देतो. रात्री टायर थंड झाला की तिथे पंचवीस उरतात. हवेचं तापमान दहा अंशांनी बदललं की दाब पाउंड-दीड पाउंडांनी हलतो, आणि चालून आलेला टायर तर बाहेरच्या उन्हापेक्षाही तापलेला असतो. जुने चालक याचा उलटा उपयोग करून घेतात: थंड असताना मोजायचं, वीसेक किलोमीटर चालवून पुन्हा मोजायचं. दाब दहाएक टक्के चढला तर हवा ठीक. त्याहून बराच जास्त चढला तर टायर फार वाकतोय, हवा कमी आहे. चढलाच नाही तर जास्त भरली आहे. हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे, पण नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांना चालतो आणि त्याला मीटरपलीकडे काही लागत नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे, मीटरही दोन-चारशे रुपयांत मिळतो. नायट्रोजनसाठी पैसे मोजण्याआधी तो घ्यावा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मामानं मीटर घेतला. पहिल्याच दिवशी त्याचा आणि भाचीचा मीटर एकाच चाकावर दीड पाउंडांनी वेगळे निघाले.

“आता खरा कुठला?”

“आता एकच धर, तुझा. दर वेळी त्यानंच मोज. नाक्यावरचा बघू नको.”

“रविवारी मामीला घेऊन गणेशपुरीला जायचंय. मागे किती करू?”

“मामीला काट्यावर बसव म्हटलं तर ती बसेल का?”

“नाव काढू नकोस.”

“मग मागे चार वाढव, पुढे तीच राहू दे. कडेवरच्या कमाल आकड्याच्या आत आहे ना ते बघ. आणि शनिवारी रात्री नको, रविवारी सकाळी निघण्याआधी, गाडी चालू करायच्या आधी.”

“आणि येऊन कमी करू परत?”

“येऊन लगेच नको, टायर तापलेला असेल. सोमवारी सकाळी.”